ठुशी आखूड कशी झाली

मखमलाबाद, नाशिक
दसऱ्यानंतरचा बुधवार, १९९६

श्री. रा. रा. मेहुणे मल्हारीशेठ, किराणा व भुसार मालाचे व्यापारी, मुक्काम नांदगाव, यांना मखमलाबादहून त्यांचे दाजी गोटीराम यांचा मानेतून वाकून नमस्कार. (कमरेतून वाकणं आता जमत नाही. शिवाय मानेचा विषय या पत्रात पुढे बराच यायचा आहे, तेव्हा सुरुवात तिथूनच केलेली बरी.) तुझी तब्येत कशी आहे? कलाबाईंचा गुडघा काय म्हणतो? दुकानापुढचा खड्डा बुजला का, की गिऱ्हाईक अजून उडी मारूनच आत येतं? इकडे सर्व क्षेमकुशल आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. त्यातलं क्षेम आहे, कुशलाचं पुढे बघू.

फोन करायचा सोडून कागद कशाला खराब केला, असं तू म्हणशील. तर आमच्या घरात फोन आहे, पण तो ज्या खोलीत आहे त्याच खोलीत तुझी बहीण गोजरा शेवंतीची फुलं निवडत बसते, आणि हे सगळं तिच्याचबद्दल आहे. गावातला एसटीडी बूथ फुलाबाईच्या दिराचा आहे. फुलाबाई म्हणजे आमची शेजारीण, बिनपगारी बातमीदार. तिथून तुला फोन केला असता तर तू 'हॅलो' म्हणायच्या आत अर्ध्या मखमलाबादला उत्तर मिळालं असतं. म्हणून विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत, खताच्या गोणीवर बसून, सूनबाईकडून मागून आणलेल्या कागदावर लिहितो आहे. मोटार चालू करायला जातो असं घरी सांगितलं आहे. वीज सकाळपासून नाही, हे अजून कोणाच्या ध्यानात आलेलं नाही.

तर हकीगत अशी. वैशाखात आमच्या चुलत पुतण्याची हळद होती. तुझ्या आईने गोजराला लग्नात घातलेली ठुशी तुला आठवत असेल. सोन्याचे मणी गच्च विणलेली, गळ्याशी चिकटून बसणारी, आणि मागे लाल दोरा, गरजेप्रमाणे सरकवायला. हा दोरा गेली काही वर्षं एकाच दिशेला सरकत होता. दर लग्नात जरासा. कोणाच्या लक्षात येण्याचं कारण नव्हतं, कारण दोरा मागे असतो आणि आम्ही पुढून बघतो (बघतो म्हणजे, बघायची वेळ आली तरच). पण यंदा हळदीच्या सकाळी दोरा संपला. सूनबाई छाया मागून ओढते आहे, फुलाबाई पुढून मणी धरून आहे, आणि मधे गोजरा पिकल्या टोमॅटोसारखी लाल होऊन 'ओढ अजून' म्हणते आहे. शेवटी ठुशी बसली, पण गोजराला बोलता येईना. त्या हळदीला मांडवात जी शांतता होती ती पाहुण्यांना फार आवडली. वरमाईने मला दोनदा विचारलं, गोटीरामभाऊ, बाई रागावल्या का?

आता कोणतीही वस्तू गोजराला बसली नाही की दोष वस्तूचा असतो, हे तू लहानपणापासून जाणतोस. चोळी घट्ट झाली तर शिंप्याने कापड खाल्लं. चप्पल चावली तर कातडं जनावराचंच नव्हतं. मी तिच्या मापात बसलो नाही तेव्हा माझ्या आईला दोष गेला. त्याच न्यायाने निकाल लागला की ठुशी आखूड झाली. आणि ठुशी आपोआप आखूड होत नसते. मागच्या वर्षी ती नव्याने गाठवायला सराफ बाजारात भिकाशेठ सोनाराकडे दिली होती. म्हणजे भिकाशेठने मणी काढले. तपास संपला, गुन्हेगार सापडला, आता फक्त शिक्षा बाकी होती.

आमची फुलांची बसायची जागा भिकाशेठच्या दुकानापासून हाकेच्या अंतरावर आहे. हाक गोजराची असेल तर तसं अख्खं नाशिक हाकेच्या अंतरावर आहे. तुझे वडील म्हणायचे, नांदगाव स्टेशनात गाडी सिग्नलला थांबते की आमच्या गोजीला, हे एकदा रेल्वेला विचारायला पाहिजे. मी त्या आवाजाखाली संसार केला. एका बांधावरून तिने 'अहो' म्हटलं की तीन शेतांतले नवरे वर बघतात. मी कित्येकदा देवापुढे उभा राहून म्हटलं, बाबा, हिला सगळं दे, एक आवाज तेवढा थोडा परत घे. (हे वाक्य ध्यानात ठेव. मी विसरायचा प्रयत्न करतो आहे.) पण खरं सांगायचं तर आमचं घर त्या आवाजावर उभं आहे. मी नुसती फुलं पिकवतो. ती विकते. शेजारच्या पाटीतली फुलं माझ्यापेक्षा चांगली असली तरी गिऱ्हाईक घाबरून आमच्याकडेच येतं.

असा तो आवाज घेऊन गोजरा दुकानाच्या पायरीवर उभी राहिली आणि तिने भिकाशेठच्या तीन पिढ्या धुवून वाळत घातल्या. रस्त्यावर गर्दी झाली. लग्नाचे दागिने घ्यायला आलेलं एक वऱ्हाड पलीकडच्या दुकानात गेलं. भिकाशेठ घामाने भिजला. त्याने ठुशी तराजूत घातली, वजन दाखवलं, वहीतलं जुनं वजन दाखवलं, मणी मोजून दाखवले, स्वतःच्या लेकरांच्या शपथा घेतल्या. गोजरा म्हणाली की तराजूही त्याचाच आणि लेकरंही त्याचीच. मग तो बिचारा चिडला, आणि अब्रू वाचवायला तोंडात येईल ते बोलून बसला.

"गोजराबाई, ठुशी होती तेवढीच हाय. मान वाढली तुमची."

रस्त्यावरची गर्दी एक पाऊल मागे सरली. मलाही वाटलं की आता इथे काहीतरी होणार. पण गोजराने ठुशी उचलली, कमरेला खोवली, आणि जाता जाता एवढंच जाहीर केलं की आजपासून या दुकानाच्या लक्ष्मीला आमचं फूल नाही. ती बोलल्यावर बाकीच्या माळणींचंही फूल बंद झालं. तिथल्या लक्ष्मीच्या गळ्यात तेव्हापासून प्लास्टिकचा हार आहे, आणि धंदा मंदावला असं भिकाशेठ स्वतःच सांगतो. पण परत येताना रिक्षात मी बघितलं, गोजराने पदराखाली हात घातला होता आणि ती स्वतःचा गळा चाचपत होती. मी बाहेर बघितलं. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, तरी बघितलं.

त्यानंतर सगळ्यांनाच ते दिसायला लागलं. गळ्याच्या खालच्या बाजूला, मधोमध, लिंबाएवढं. इतकी वर्षं कोणाला दिसलं नव्हतं, आणि एका सोनाराने बोट दाखवल्यावर आंधळ्यालाही दिसू लागलं. फुलाबाई म्हणाली, ही नजर. हळदीत गप्प बसलेली बघून कोणीतरी लावली. तिने मंगळवारी-शनिवारी मीठ-मिरच्यांनी दृष्ट काढली. मीठ कुठलं, तर गोजराच्या त्या चिनी मातीच्या बरणीतलं, तू दर भाऊबीजेला पाठवतोस ते खडे मीठ, कारण पाकिटातलं पिठासारखं मीठ विस्तवावर तडतडत नाही असं फुलाबाईचं शास्त्र आहे. मीठ छान तडतडलं. गाठ जिथल्या तिथे. मग एरंडाची पानं तापवून बांधली. पंधरवडाभर तुझी बहीण गळ्यात पानं बांधून हिंडत होती आणि आमची शेळी तिच्यामागे हिंडत होती.

शेवटी सुवर्णा आणि जावईबापू आले. ललितराव नाशिक रोडला नोटांच्या कारखान्यात आहेत हे तुला माहीतच आहे. त्यामुळे आमच्या घरात ते बोलतील तो शेवटचा शब्द. खरी नोट कोणती आणि खोटी कोणती हे ज्याला कळतं त्याला रोग कळणार नाही का, असा गोजराचा हिशेब. जावईबापूंनी सासूबाईंच्या गळ्याकडे लांबूनच (जावयाने सासूच्या जवळ जायचं नसतं) पाहिलं आणि त्यांच्या कॉलनीजवळच्या डॉक्टरकडे चला म्हणाले. गेलो. डॉक्टर तरुण, पण चष्मा म्हाताऱ्याचा. त्याने गोजराला भांडंभर पाणी दिलं आणि म्हणाला, घोट घ्या आणि गिळा. तिने गिळलं. गाठ वर गेली आणि खाली आली. पुन्हा म्हणाला, गिळा. पुन्हा वर, पुन्हा खाली. मी टक लावून बघत होतो. इतकी वर्षं या बाईने माझ्या घरात किती काय गिळलं, पण ते वर-खाली होताना मी कधी बघितलं नव्हतं. डॉक्टर समाधानाने मान हलवून म्हणाला, गॉयटर. मग रक्त घेतलं, तपासलं, आठवड्याने पुन्हा बोलावलं, पुन्हा म्हणाला, गॉयटर. भयंकर काही नाही. गोळ्या घ्या, मीठ आयोडीनवालं खा. आणि मग त्या शहाण्याने पुढचं वाक्य उच्चारलं, जे नसतं उच्चारलं तर चाललं असतं. गाठ अशीच वाढत राहिली तर ऑपरेशन करावं लागेल, आणि आवाजाची नस त्या गाठीला खेटूनच जाते, तेव्हा आवाजाला थोडा धोका असतो.

गोजराने गोळ्या ऐकल्या नाहीत, मीठ ऐकलं नाही. तिने फक्त सुरी आणि आवाज एवढंच ऐकलं. उठली, पदर नीट केला आणि डॉक्टरला म्हणाली, बाबा, मी फुलं विकते, तू माझी पाटी उचलायला बसलायस. आणि बाहेर.

पुढच्या रविवारी जावईबापू वाचनालयातून उशीएवढं जाड पुस्तक घेऊन आले. शब्द कुठून आले ते सांगणारं. त्यांचं म्हणणं असं की रोगाची भीती त्याचा अर्थ कळला की निम्मी होते. आम्ही सगळे ओट्यावर बसलो. सूनबाईने चहा केला. ललितरावांनी खाकरून सांगितलं की गॉयटर हा शब्द फ्रेंच लोकांकडून इंग्रजांकडे आला, आणि फ्रेंचांनी तो लॅटिनमधल्या 'गुट्टुर' या शब्दापासून घेतला. गोजरा पदर तोंडाला लावून ऐकत होती. मी विचारलं, आणि गुट्टुर म्हणजे काय? जावईबापू म्हणाले, गळा.

मल्हारी, तू व्यापारी माणूस आहेस, तूच सांग. आम्ही बस बदलून नाशिक रोडला गेलो, रांगेत बसलो, सुई टोचून घेतली, गळा दाखवून विचारलं हे काय आहे, आणि त्या गृहस्थाने चष्मा पुसून सांगितलं, गळा. आम्ही गळा घेऊन गेलो, त्याने लॅटिनमध्ये बांधून तोच गळा परत दिला. तुझ्याकडे गिऱ्हाईक तूर घेऊन आलं आणि 'हे काय हो' म्हणालं, तर तू चाळून, पाखडून, तिला 'तूरच' म्हणशील का? म्हणालास तरी त्याबद्दल आठवड्याने परत बोलावशील का?

त्यापेक्षा आपले जुने लोक बरे. आपल्याकडे याला गलगंड म्हणतात. गल म्हणजे गळा आणि गंड म्हणजे गाठ, फुगवटा. कुठे आहे तेही सांगितलं आणि काय आहे तेही सांगितलं. साहेब लोक नुसतं कुठे आहे ते सांगून थांबले. जावईबापूंना हे मी बोलून दाखवलं तर ते जरा नाराज झाले आणि म्हणाले, मामा, पुढे ऐका तर. मग त्यांनी सांगितलं की ही गाठ ज्या ग्रंथीची असते तिचं नाव थायरॉइड, आणि तो शब्द ग्रीक, आणि त्याचा अर्थ ढालीसारखा. पुढे ढाल धरावी तशी ती गळ्यात असते म्हणे. हे ऐकून माझ्या मनात एक जुना हिशेब जुळला. तलवार तोंडात आहे हे मला लग्नाच्या दुसऱ्या दिवशीच कळलं होतं. ढाल पण सोबत दिलेली आहे, हे तुम्ही लोकांनी सांगितलं नव्हतं.

अजून एक मजा ऐक. इंग्लंडात डर्बीशायर म्हणून एक डोंगराळ मुलूख आहे. तिथे पूर्वी इतक्या लोकांच्या गळ्याला ही गाठ असे की इंग्रज या रोगाला 'डर्बीशायरची मान' म्हणायचे. गावाचं नाव रोगाला. आपल्याकडे येवल्याची पैठणी, नाशिकचा चिवडा, आणि त्यांच्याकडे डर्बीशायरची मान. गोजराने लगेच विचारलं की त्या गावच्या पोरींची लग्नं कशी व्हायची. हे पुस्तकात नव्हतं. सुवर्णा म्हणाली, आई, सगळ्यांनाच गाठ असेल तर बघायला येणाऱ्यालाही असेल. गोजरा त्यावर हसली. वैशाखानंतर पहिल्यांदा हसली, आणि हसताना तिला ठसका लागला, तो बराच वेळ गेला नाही.

मग ललितराव मुद्द्यावर आले, आणि आमच्या ओट्याची दुर्दशा तिथून सुरू झाली. ते म्हणाले, समुद्र लांब, पावसाने मातीतलं आयोडीन धुऊन जातं, ते पोटात गेलं नाही की ती ग्रंथी बिचारी जास्त राबते आणि राबून राबून सुजते. (सुनेसारखी, असं छाया हळूच म्हणाली. मी ऐकलं नाही असं दाखवलं.) म्हणून हल्ली मिठात आयोडीन घालतात. तर मामा, तुमच्याकडे मीठ कोणतं? छाया म्हणाली, पाकिटातलं, मी लग्न होऊन आल्यापासून. ललितराव म्हणाले, मग प्रश्नच नाही. आणि मग एकेक करून सगळ्यांची नजर दारातून दिसणाऱ्या फळीवरच्या बरणीकडे गेली. गोजरा उठली, बरणी खाली घेतली आणि मांडीवर घेऊन बसली.

मल्हारी, त्या मिठाची कथा तुला सांगायची गरज नाही, पण सांगतो, कारण तू विसरला असशील. तुमचे वडील गेल्यावरची पहिली भाऊबीज. तू नुकतं दुकान मांडलेलं, साडी घ्यायला जवळ काही नाही. तू खडे मिठाची गोणी खांद्यावर टाकून आलास, आमच्या दारात ठेवलीस आणि म्हणालास, अक्का, दुकानात एवढंच माझ्या मालकीचं हाय, खा आणि भावाला विसरू नको. तेव्हापासून दर भाऊबीजेला गोणी येते. पहिली काही वर्षं तुझ्याबरोबर आली. मग एसटीच्या टपावर आली. हल्ली कांद्याच्या ट्रकमधून येते, आणि ड्रायव्हर ती फाट्यावर टाकून जातो. सुवर्णाच्या लग्नाला मामा म्हणून तू अक्षता टाकायला उभा राहिलास, आणि अक्षतांचे तांदूळ जमिनीवर पडायच्या आत दुकान उघडायला गेलास. त्यानंतर गोणीच येते. तुझं दुकान दिवाळीत चालतं हे आम्हाला कळतं. गोणीलाही कळत असावं.

त्या मिठाला आमच्या घरात दुसरं कोणी हात लावत नाही. माहेरचं मीठ सासरच्यांच्या तोंडी गेलं तर अळणी होतं, असा कायदा तिने स्वतःच केला आहे. आम्ही पाकिटातलं खातो. ती स्वतःच्या ताटात त्या बरणीतलं घेते, पाट्यावर बारीक करून, भाकरीवर, कांद्यावर, कैरीवर, कधी नुसतंच जिभेवर. तर ललितरावांनी जरा दबकत सांगितलं की सासूबाई, तेवढं ते मीठ आता बंद करा. यावर गोजरा काय म्हणाली ते जसंच्या तसं लिहितो, नंतर मी बदललं असं व्हायला नको.

"माझ्या भावाच्या मिठानं मला रोग व्हईल? खाल्ल्या मिठाला जागते मी. रोग झाला असंल तर तुमच्या पाकिटानं झाला असंल, मला न विचारता घरात आणलेल्या."

जावयाला असं बोललेलं बघून सुवर्णा रडली, छाया आत गेली, ललितरावांनी पुस्तक पिशवीत घातलं. डॉक्टरच्या गोळ्याही तिने घ्यायच्या थांबवल्या. म्हणजे घेते, पण तोंडात घालून परसात जाते, आणि त्या गुलाबाच्या वाफ्यात पडतात. तो गुलाब यंदा फार सुंदर आला आहे. (गुलाबाला गळा नसल्यामुळे गोळ्यांचा दुसरा काही फायदा दिसत नाही.) डॉक्टर म्हणाला होता की गोळ्या आणि मीठ, दोन्ही पाळलं तर सुरीपर्यंत जायची वेळ बहुतेक येणार नाही. ती सुरीला भिते आणि सुरीकडेच चालली आहे. मी समजावलं. मी समजावल्यावर आजवर काय झालं आहे ते तुला ठाऊक आहे.

आता दसऱ्याचं सांगतो आणि आटोपतं घेतो. दसऱ्याच्या आदल्या दिवशी फुलबाजारात काय असतं ते तू एकदा बघितलं आहेस. झेंडूचे डोंगर, माणसावर माणूस, आणि त्या सगळ्यावर गोजराचा आवाज. यंदा आमचा झेंडू फार चांगला होता. एक गृहस्थ आला, स्कूटरवरून उतरलासुद्धा नाही, आणि निम्म्याला मागितला. दरवर्षी असा एखादा येतो, आणि दरवर्षी गोजरा त्याला असं काही ऐकवते की तो चढ्या भावाने घेऊन वर माफी मागून जातो. आजूबाजूच्या माळणी हात थांबवून बघायला लागल्या. गोजराने तोंड उघडलं. नुसती हवा आली. तिने पुन्हा उघडलं, आणि घोगरं, चाळणीतून गाळल्यासारखं काहीतरी आलं. गृहस्थाला वाटलं, बाई तयार आहे. गोजराने एकदा माझ्याकडे बघितलं, आणि मान हलवून त्याला झेंडू निम्म्याला देऊन टाकला. तो गेल्यावर ती पाटीकडे तोंड करून बसली आणि उरलेली फुलं उगाच सारखी करत राहिली. नंतर पलीकडून भिकाशेठ स्वतः आला, एक हार मागितला, ती सांगेल त्याच्या दुप्पट द्यायला तयार झाला. त्याला वाटलं असावं की तिला बरं वाटेल. तिने हार दिला आणि वर बघितलं नाही.

मल्हारी, मी घाबरलो आहे. थट्टा खूप झाली. मला त्या आवाजाची सवय आहे. तो नसला तर घरी कोणी आहे की नाही तेच मला कळत नाही. देवापुढे जे मागितलं होतं ते तो अशा रीतीने मनावर घेईल असं वाटलं नव्हतं.

तेव्हा दोन शब्द तुझ्या अक्काला लिही, गोळ्या घे म्हणून. बाकी ठीक. कलाबाईंना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद, गुडघ्याला एरंडाची पानं बांधू नयेत, शेळी मागे लागते.

तुझा,
गोटीराम

ता. क. – गोळ्यांचं ठीक आहे, पण खरं काम वेगळंच आहे, आणि ते वर लिहायचं धैर्य झालं नाही. भाऊबीजेची गोणी भरशील तेव्हा त्यात आयोडीनचं मीठ भर. बंद कर म्हणत नाही. गोणी आली नाही तर ती तुझ्या नावाने काहीही कल्पना करून बसेल. गोणी तीच, सुतळी तीच, गाठ तुझ्याच हातची, आत तेवढं पाकिटं फोडून ओत. बारीक का म्हणून विचारलं तर सांग की हल्ली खडे मीठ मिळत नाही. तू व्यापारी आहेस, असं सांगायचा तुला सराव असेल. हे पत्र वाचून फाडून टाक.

दुसरा ता. क. – फाडू नकोस, उपयोग नाही. वरचं लिहून होतंय तोच गोजरा माझ्या पाठीशी उभी असलेली दिसली. एरवी ती बांधावर असतानाच कळायचं. आज खोलीत येऊन उभी राहिली, तरी कळलं नाही. तिने विचारलं, वीज नसताना कोणती मोटार चालू आहे. मग कागद वाचून दाखवायला लावला. मी सगळा वाचला, तलवार-ढालीसकट. (शेळीचं वगळायला बघत होतो, पण तिने पकडलं.) मीठ बदलायचा बेत वाचताना माझी जीभ अडखळली. वाटलं, आता हे छप्पर उडतं. तिने खताच्या गोणीवर शेजारी बसून घेतलं आणि जे सांगितलं ते लिहून घेतो आहे.

"त्याला लिहा, मीठ कोणतं बी चालंल. गोणी रिकामी असली तरी चालंल. ट्रकमधी टाकून धाडू नको म्हणावं. घेऊन ये. तो आला का बरणी मी धुऊन उपडी घालते, आन् गोळ्या त्याच्यासमोर गिळते."

एवढं बोलायला तिला तीनदा थांबावं लागलं, आणि मला कान तिच्या तोंडाशी न्यावा लागला. मल्हारी, भाऊबीजेला दुकान बंद ठेव आणि ये. तुला नांदगावहून हाक मारून बोलावण्याइतका आवाज तिच्याकडे आता नाही.